मत मांडायला पुण्याला जावं लागत नाही

ताई, नमस्कार.

मी सेलूचा, जिल्हा परभणी. वय 26. एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. कॉलेजात असताना आम्ही मित्रांनी भयपट, विज्ञानपट, राक्षसांचे नि झोंब्यांचे पिक्चर यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. कोणता पिक्चर येणार, कोणता कसा आहे, सगळं त्यात. आधी लई मजा यायची. आता अर्धे जण पुण्याला, हैदराबादला गेलेत. ते पहिल्या दिवशी पिक्चर बघतात आणि शेवट सांगून मोकळे होतात. मध्यंतरी मी एका इंग्रजी पिक्चरच्या पुढच्या भागाचा ट्रेलर टाकला. तो खोटा निघाला, एआयवर बनवलेला. तेव्हापासून मी काही लिहिलं की एक जण लिहितो, 'तू बियाणं इक.' त्याच्या आधी 'लपाछपी'बद्दल मी मनापासून लिहिलं होतं, की मला भुतापेक्षा उसाच्या फडाची जास्त भीती वाटली, कारण माझी आई ऊसतोडीला जायची. त्यावर उत्तर आलं, आधी बाहेरचे क्लासिक बघ, मग बोल. मला इंग्रजी बेताचंच येतं, मी हिंदी डबिंगमध्ये बघतो. आता मी नुसतं वाचायलो, लिहीत काही नाही. ग्रुप सोडून द्यावा का? आणि खरं सांगा, माझ्यासारख्याच्या मताला काही किंमत असते का?

ता. क. ग्रुपवर नव्या पिक्चरच्या चोरीच्या लिंका येतात. परवा एकाने 'आपल्या भागातल्या वाड्यातलं खरं भूत' म्हणून व्हिडिओ टाकला, त्यात एका म्हातारीचं घर दिसतंय. हे बरोबर आहे का?

— अबोल, सेलू

प्रिय अबोल,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीच्या तक्रारी त्याच्याच भोवती फिरतायत. तुझ्या मताला किंमत आहे. 'लपाछपी'बद्दल तू जे लिहिलंस ते त्या ग्रुपवर तुझ्याशिवाय कुणाला सुचलंच नसतं. ते जरा उलगडून सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी 'क्लासिक बघ' म्हणालं तर तुला गप्प बसावं लागणार नाही.

ज्यांनी 'लपाछपी' पाहिला नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. त्यांत चित्रपटाचं मर्म उघड होतं.

विशाल फुरिया दिग्दर्शित हा चित्रपट 2017 मध्ये आला. दिवस गेलेली नेहा नवऱ्याबरोबर शहर सोडून पळते आणि चहूकडून उसाने वेढलेल्या एका एकाकी घरात राहायला येते. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींवर अख्खा चित्रपट उभा आहे. भुतांची गोष्ट म्हणून सुरू झालेला चित्रपट हळूहळू, मुलगी नको म्हणून झालेल्या हत्यांपाशी येऊन पोचतो. आता हे मराठवाड्यात बसून पाहायचं म्हणजे काय ते बघ. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे 807 मुली होत्या. राज्याचा आकडा 894 होता. याच बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून बाई गरोदर असली तरी कोयता खाली ठेवता येत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्या जातात हा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. ऊस, पोटातलं बाळ आणि बाईच्या देहावर दुसऱ्यांनी सांगितलेला हक्क या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच फडात भेटतात. चित्रपटातही त्या एकाच फडात भेटतात.

पुण्यात बसलेल्या तुझ्या मित्राला त्या उसात चकवा दिसला असेल. वाट सापडू नये अशी ती रचना, पात्यांची सळसळ, कॅमेऱ्याची हालचाल यांचं कौतुक त्याने केलं असेल. ते खरंच आहे, तेही कुणीतरी सांगायलाच हवं. पण तुला त्या फडात पहाटे शिरणारी आई दिसली. भयपटाचं काम प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेली भीती शोधून काढण्याचं असतं. तुझ्यात ती त्याला सापडली, आणि सापडली ती नेमकी कुठे हे तू लिहून दाखवलंस. समीक्षा म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

राहिला मुद्दा बाहेरच्या क्लासिकचा. ते जरूर बघ. उत्तम चित्रपट आहेत, आनंदासाठी बघ. बोलण्याचा परवाना मिळवायला मात्र बघू नकोस. आणि बघशील तेव्हा हे लक्षात घे, की ज्यांना आज जगाचे क्लासिक म्हणतात ते आपापल्या गावच्या भीतीतूनच उगवलेले आहेत. जपानचा 'गोजिरा', ज्याला आपण गॉडझिला म्हणतो, तो नोव्हेंबर 1954 मध्ये आला. त्याच वर्षी 1 मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि एक जपानी मासेमारी बोट तिच्या किरणोत्सारी राखेत सापडली होती. हिरोशिमाला तेव्हा दहाच वर्षं होत आलेली. चित्रपटाच्या सुरुवातीलाच समुद्रातली बोट उजेडाने जळून जाते, तेव्हा टोकियोतल्या प्रेक्षकाला ती बोट कोणती हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. 1956 मध्ये अमेरिकेत तो दाखवताना बरीच कापाकापी झाली आणि एक अमेरिकी वार्ताहर नव्याने घुसवला गेला. जी भीती जपानची होती तीच पातळ झाली.

दुसरं उदाहरण जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं, 1968 चं. आजचे सगळे झोंबीपट त्याच्याच पोटातून निघाले. त्यातला नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये चित्रपट लागला. शेवट मी सांगत नाही, पण अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तो शेवट त्या हत्येच्या उजेडात पाहिला. रोमेरो मात्र सांगत राहिले की जोन्सला भूमिका मिळाली ती तो चाचणीत सर्वांत चांगला ठरला म्हणून. दिग्दर्शकाच्या मनात असो नसो, प्रेक्षकाने आपल्या जागेवरून जे पाहिलं ते खरं ठरलं आणि टिकलं.

आपल्याकडचंच घे. 'तुंबाड' या हिंदी भयपटात पाऊस थांबत नाही, तो देवांचा कोप आहे. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला न थांबणारा पाऊस हा शाप आहे हे पटायला किती जड जात असेल! मग सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकं आणि माती वाहून गेली. आता तोच चित्रपट पुन्हा पाहिला तर लातूर-धाराशिवच्या प्रेक्षकाला तो पाऊस वेगळा दिसेल. यावर कुणी मराठवाड्यातल्या मुलाने लिहिलेलं वाचायला मला फार आवडेल, आणि मुंबईचा समीक्षक ते लिहू शकणार नाही.

गप्पांना किंमत असते याचाही पुरावा 'तुंबाड'च आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये तो लागला तेव्हा थिएटरातली कमाई बेताचीच होती. ज्यांनी पाहिला ते बोलत राहिले, एकमेकांना दाखवत राहिले, वर्षानुवर्षं. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. हे जाहिरातीने झालं नाही, तुमच्यासारख्या बोलणाऱ्यांनी केलं.

आता तुझ्या लिहिण्याबद्दल थोडं कडक बोलते. मताला किंमत येते ती त्यामागच्या कारणाने. 'भारी', 'बकवास', 'एकदा बघायला हरकत नाही' एवढंच लिहिलं तर ते पुण्याहून आलं काय आणि सेलूहून आलं काय, सारखंच रिकामं. एक प्रसंग निवड. त्यात काय दिसलं, काय ऐकू आलं, तुला काय झालं आणि कुठे चित्रपट कमी पडला, ते लिही. आवडलेल्या चित्रपटातलं न आवडलेलं काहीतरी लिहायची सवय ठेव, त्याने वाचणाऱ्याचा तुझ्यावर विश्वास बसतो. डबिंगमध्ये पाहिला असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांग आणि त्यात लाज मानू नकोस. 'जुरासिक पार्क' 1994 मध्ये हिंदीत आला म्हणून तर आपल्याकडच्या गावागावांत डायनासोर पोचले. फक्त डबिंग पाहून नटाच्या आवाजावर, संवादफेकीवर मत देऊ नये. तो आवाज त्याचा नसतोच. चित्रचौकट, कथा, संकलन, शांततेचा वापर यांवर मात्र हवं तेवढं बोल.

आणि एक भांडवल तुझ्याकडे आहे जे तू मोजलेलंच नाहीस, ते म्हणजे मराठी वाचन. 'तुंबाड'मागे नारायण धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा आहे. धारप आणि रत्नाकर मतकरी हे दोघे तालुक्याच्या वाचनालयातही सहज मिळतात. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मिळतात, आणि हे नारळीकर 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. भुताखेतांचं, परग्रहांचं साहित्य हलकं असतं असं कुणी वडीलधाऱ्याने सुनावलं तर सांग की आपल्या पैठणच्या नाथांनी 'भूत जबर मोठं गं बाई' म्हणत भारूड रचलं आणि लोकांना भुताच्या वाटेने विठ्ठलापाशी नेलं. विशाल फुरियांनीच 2021 मध्ये 'लपाछपी' हिंदीत 'छोरी' म्हणून केला. दोन्ही शेजारी ठेवून काय टिकलं, काय हरवलं, हे लिहून बघ. दोन्ही भाषा तुझ्याच आहेत, इथे डबिंगचा प्रश्नच येत नाही.

त्या खोट्या ट्रेलरचं काय करायचं? तू तेव्हा ग्रुपवर 'हा खोटा होता' असं लिहिलंस का, ते पत्रात नाही. लिहिलं नसशील तर आजही लिही. एक ओळ पुरे: 'मी टाकलेला ट्रेलर बनावट होता, काढून टाकतोय.' माफीनामा नको, स्पष्टीकरण नको. आणि मनाला लावून घेऊ नकोस, कारण हा धंदा फार मोठा आहे. जुन्या चित्रपटांचे तुकडे आणि एआयने बनवलेली दृश्यं जोडून असे ट्रेलर रचतात, खऱ्याच्या आधी बाजारात आणतात आणि कोट्यवधी लोक ते पाहतात. 2025 मध्ये यूट्यूबने अशा दोन मोठ्या चॅनलांची जाहिरातीची कमाई बंद केली, इतकं ते वाढलं होतं.

बातमीच्या बाबतीत मात्र तुझ्या ग्रुपवाल्यांची एक अपेक्षा रास्त आहे. मत तुझं असतं, बातमी तुझी नसते. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायच्या आधी तू शेतकऱ्याला काय सांगतोस? 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, 70 च्या वर उगवले तरच पेरा. बातमी पुढे पाठवायच्या आधी तिची तशीच उगवण बघ. ट्रेलर निर्मिती संस्थेच्या किंवा वितरकाच्या स्वतःच्या चॅनलवर आहे का? खाली बारीक अक्षरात 'कन्सेप्ट' किंवा 'फॅनने बनवलेला' असं लिहिलंय का? एकाच नटाचा चेहरा दर दृश्यात थोडा बदलतोय का, ओठ आणि शब्द जुळतायत का? एवढं पाहायला पाच मिनिटं लागत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बातमी कोणत्या पायरीची आहे ते लिहावं. घोषणा झाली म्हणजे चित्रीकरण सुरू झालं असं नाही. चित्रीकरण संपलं म्हणजे तारीख ठरली असं नाही, आणि ठरलेली तारीखही हलते. 'तुंबाड'च्या दुसऱ्या भागाची घोषणा 2024 मध्ये निर्मात्यानेच केली, ती खरी. त्यानंतर तारखांसकट फिरलेली पोस्टरं पाहिलीस तर ती कुणी काढली हे विचारायला हवं. भारतात थिएटरला लागणाऱ्या चित्रपटाची सर्वांत पक्की खूण म्हणजे सेन्सॉरचं प्रमाणपत्र. मंडळाच्या संकेतस्थळावर चित्रपटाचं नाव टाकून शोधता येतं, लांबी किती मिनिटं आणि प्रमाणपत्र कोणतं ते कळतं. 2024 पासून 'यूए'चे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन भाग झाले आहेत. भयपटाला यातलं काय मिळालं यावरूनही त्याचा बाज थोडा आधीच समजतो. ही माहिती ग्रुपवर नेमाने टाकणारा एक जण लागतोच. तो तू हो. दुकानात लॉट नंबर आणि मुदत बघायची सवय असलेल्या माणसाला हे काम जड नाही.

शेवट फोडणाऱ्यांबद्दल तुझी तक्रार शंभर टक्के बरोबर आहे, आणि इथे मी पुण्या-हैदराबादच्या मंडळींनाही उद्देशून लिहिते. 1960 मध्ये 'सायको' लागला तेव्हा हिचकॉक यांनी चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घातला आणि बाहेर पडणाऱ्यांना शेवट न सांगण्याची विनंती केली. मालकाला आपला शेवट इतका मोलाचा वाटतो, मग मित्राला का वाटू नये? तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटरं बंद पडत गेली. नवा भयपट पाहायचा तर परभणी किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, नाहीतर ओटीटीची वाट पाहावी लागते. हिंदी चित्रपटाला थिएटरातून ओटीटीवर यायला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आणि वेळ कमी आहे त्याने दोन महिने ग्रुपकडे पाठ फिरवून बसायचं का? ग्रुपचा नियम करा: ओटीटीवर येईपर्यंत शेवट आणि उलगडा यांवर उघड बोलायचं नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी त्या चित्रपटापुरता वेगळा ग्रुप काढावा. पाहून झालेला त्यात जाईल. आणि आठ आठवडे उलटल्यावर न पाहिलेल्याने तक्रार करू नये, हेही त्याच दमात मान्य करा. नाहीतर बोलणंच थांबतं आणि ज्यासाठी ग्रुप काढला तेच राहत नाही.

'तू बियाणं इक' लिहिणारा मित्र. याला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. चार जण पाहत असताना कुणीच माघार घेत नाही. त्याला फोन कर, रात्री जेवणानंतर, तो मोकळा असेल तेव्हा. आणि गोल गोल बोलू नकोस. 'तू तसं लिहितोस ते मला लागतं, म्हणून मी लिहायचं बंद केलंय,' इतकं सरळ सांग. बहुतेक वेळा अशा माणसाला आपण थट्टा करतोय असंच वाटत असतं आणि समोरचा गप्प झालाय हे त्याच्या ध्यानातही आलेलं नसतं. गाव सोडून गेलेल्या मुलांचं अजून एक असतं. शहरात त्यांनाही कुणीतरी 'तुला काय कळतं' म्हणत असतं, आणि ते ओझं ते जुन्या मित्रावर उतरवतात. हे समजून घे, सहन मात्र करू नकोस. फोननंतरही त्याने तेच लिहिलं तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनशी बोल.

असली भांडणं या छंदाइतकीच जुनी आहेत. अमेरिकेत 1926 मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापायला सुरुवात केली. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, क्लब निघाले, आणि 1939 च्या जुलैत न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्या पहिल्याच संमेलनात आपसातल्या वादातून सहा तरुणांना दारातच अडवलं गेलं. त्यांतले फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वॉल्हाइम पुढे त्या क्षेत्रातले मोठे लेखक-संपादक झाले. त्यांनी वाचणं-लिहिणं सोडलं नाही, बाहेर राहून आपलं मंडळ चालवलं.

म्हणून ग्रुप सोडायचा प्रश्न मी असा सोडवीन: आत्ता सोडू नकोस, पण सगळं त्याच्यावर अवलंबूनही ठेवू नकोस. सेलूत, मानवतला, जिंतूरला तुझ्यासारखी चार मुलं नक्की आहेत. त्यांना गाठ आणि एकत्र पाहा. कुणाच्या घरी टीव्हीवर, दिवे मालवून, मोबाइल लांब ठेवून, आणि संपल्यावर चहा घेत भांडा. सुरुवातीला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'च लावा. त्याचं नाव ऐनवेळी बदललं आणि पडद्यावर हक्काची सूचना टाकायची राहिली, म्हणून अमेरिकेत तो सर्वांसाठी खुला झाला आणि आज इंटरनेटवर उघडपणे ठेवलेला सापडतो. इंग्रजीची अडचण त्यात फारशी येणार नाही, अर्धी गोष्ट नुसती पाहूनच कळते. जर्मनीचा 1922 चा 'नोस्फेराटू' तर मूकपटच आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या, तरी काही वाचल्या. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, अलीकडे साधारण जानेवारीच्या सुमारास. तिथे भयपट कमीच असतील, पण सेलूहून थेट रेल्वे आहे, एकदा जाऊन ये. अनोळखी माणसांशी चित्रपटावर बोलायची भीड तिथल्या रांगेत मोडते.

आता ता. क. मधल्या दोन गोष्टी. चोरीच्या लिंका पुढे पाठवू नकोस. 2023 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाची चोरून प्रत काढणं आणि ती पसरवणं याला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मराठीत भयपट काढणारे मोजकेच आहेत. 'झोंबिवली'सारखा प्रयोग करायला निर्माता मिळवणं किती अवघड असेल विचार कर. आपणच चोरून पाहिलं तर पुढचा कुणी काढणार नाही.

वाड्याच्या व्हिडिओवर मात्र मी अजिबात सौम्य बोलणार नाही. चित्रपटातल्या भुतावर प्रेम करणाऱ्याने खऱ्या माणसाच्या घराला भूत चिकटवू नये. आपल्या मराठवाड्याने भानामतीच्या नावाखाली काय काय सोसलंय ते तुझ्या आजीला विचार. बाईच्या अंगात काही आहे, ती करणी करते, अशा एका कुजबुजीवर बायकांना मारहाण झाली, गाव सोडावं लागलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे एखादी व्यक्ती करणी करते किंवा भूत लावते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमच्या त्या व्हिडिओत म्हातारीचं घर ओळखू येतंय. उद्या कुणी तिच्या दारात दगड टाकला तर तुमचा ग्रुप त्यात आहे. ज्याने टाकला त्याला तो सगळीकडून काढायला लाव आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही कळव. बाकीचं सगळं, ट्रेलर, नियम, मित्राला फोन, हे आठवडाभर थांबू शकतं. यासाठी अ‍ॅडमिनला आजच फोन कर.

तुझी ताई